श्राद्धाच्या पाटावर अमीन

त्या दिवशी धुकं असं पडलं होतं की गंगा जागेवर आहे की नाही, हे नावाड्यांच्या खोकल्यावरून ठरवावं लागत होतं. पौषातली काशी. इथले लोक या थंडीला ‘गलन’ म्हणतात आणि बरोबरच म्हणतात, कारण या थंडीत माणूस गारठत नाही, विरघळतो. आमच्या संकठा घाटाच्या गल्लीत सांड समोरून आला तर आधी वाफ दिसायची, मग शिंगं, आणि पुरता सांड दिसेपर्यंत आपण भिंतीला पालीसारखे चिकटलेले असायचो. सूर्य बरेच दिवस कुणी पाहिला नव्हता. समोरचा गोपीनाथ म्हणाला, “तोही रजेवर गेलाय. सरकारी नोकर तो.” (गोपीनाथ रेल्वेतून रिटायर झाला आहे. रजेबद्दल तो अधिकाराने बोलतो.)

अशा त्या दिवशी मी एक लहानसा निर्णय घेतला. दाराची कडी वाजली आणि मी दार उघडलं.

यात काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दार उघडायचं नाही, असं माझ्या मुलाने मला फोनवर इतक्या वेळा बजावलं होतं की पुढे पुढे दूधवालासुद्धा खिडकीतून दूध ओतायला लागला होता.

आता हे असं का, ते सांगतो. जरा सावकाश सांगतो. घाई मला कधी जमली नाही.

त्या घरात आम्ही आधी भाड्याने होतो. खालची एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात मी आणि माझी बायको पद्मा. मालकाने घर विकायला काढलं तेव्हा आमच्या सुमंतने आणि सुनेने, मालविकाने, दोघांच्या पगारावर बँकेचं कर्ज काढून ते घेतलं. दाराशी दोघांच्या नावाची पाटी लागली. पद्मा ती पाटी रोज पुसायची. मग पद्मा गेली, आणि तिच्या मागोमाग त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं गेलं. सुमंतने लखनौला बदली करून घेतली. पुढे घटस्फोट झाला, आणि त्याने तिकडे दुसरं लग्न केलं. कोर्टाने सांगितलं, घर विका, अर्धं अर्धं घ्या आणि सुखी राहा. (शेवटचं कोर्टाने सांगितलं नसेल. मी आपलं धरून चाललो.) विकायला दोघांची सही लागते, आणि सुमंत सही देईना. मग मालविका पुन्हा कोर्टात गेली. कोर्ट म्हणालं, तुम्ही विकत नाही तर आम्ही विकतो. लिलाव झाला आणि जायसवाल नावाच्या माणसाने घर घेतलं. त्याला यात्रेकरूंसाठी गेस्ट हाउस काढायचं होतं. आता एवढंच राहिलं होतं की कोर्टाचा अमीन हुकूम घेऊन येणार, घर रिकामं करणार आणि किल्ली जायसवालच्या हातात देणार.

आणि घरात मी होतो. म्हणजे केसमध्ये एक वादी, एक प्रतिवादी आणि एक म्हातारा.

मालविका वरच्या मजल्यावर राहायची. गोपीनाथ तिला माझी ‘माजी सून’ म्हणायचा, माजी आमदार म्हणतात तसं. पण माजी आमदार कुणाची विचारपूस करत नाही. ही रोज शाळेत शिकवायला जाताना माझ्या दारात थांबायची.

“अण्णा, बीपीची गोळी घेतली?”

“घेतली.”

आणि तिथून ती कधी कधी वकिलाकडे जायची, घर लवकर रिकामं व्हावं म्हणून. आमच्यात भांडण असं कधी झालं नाही. भांडणं मला जमत नाही आणि तिला वेळ नसतो.

सुमंत लखनौहून म्हणायचा, “अण्णा, तुम्ही फक्त हलू नका. म्हाताऱ्या माणसाला कोर्ट उचलून बाहेर टाकत नाही. मी स्टे आणतोय. अमीन आला तर दार उघडू नका, बस.”

स्टे कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. पोस्टाने येत असेल असं वाटून मी पोस्टमनकडे मोठ्या आशेने बघायचो. तो बिचारा मान खाली घालून जायचा.

खरं सांगतो, मला त्या घराचा लोभ नव्हता. मला फक्त काशीत मरायचं होतं. लोक इथे मरायला येतात. मी कोवळ्या वयात पोटासाठी आलो, वाईहून, इथल्या एका गुरुजींच्या स्वयंपाकघरात. जन्मभर श्राद्धाचा स्वयंपाक केला. दुसऱ्यांच्या पितरांसाठी इतके वडे तळले आहेत की वर गेलो तर निम्मे लोक मला वासावरून ओळखतील. पण शाळा नाही, मंत्र नाहीत, जपाला बसलो की पहिल्याच माळेला डुलकी. मोक्षासाठी माझ्याकडे दुसरं काहीही नाही, फक्त पत्ता आहे. काशीत मेला की सुटला, मग आचारी असो की आचार्य. तेवढा एक पत्ता हातचा जाऊ नये, म्हणून मी दाराला कडी लावून बसलो होतो.

काशीत दुसरी खोली का नाही पाहिली? पाहिली. गोपीनाथला घेऊन गल्लीबोळ पालथे घातले. घरमालक आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्या मागे कुणी आहे का ते बघायचे, आणि विचारायचे, “बाबा, अकेले हैं?” एकटा म्हातारा कुणाला नको असतो. तो खोली सोडतो तेव्हा स्वतःच्या पायांनी सोडत नाही, आणि पुढची सगळी धावपळ मालकाला पडते. मग गोपीनाथ म्हणाला, मरायला आलेल्या लोकांना ठेवून घेतात अशा जागा आहेत की. आम्ही एकीकडे चौकशी केली. तिथे काही दिवसांची मुदत देतात आणि तेवढ्यात आटपावं लागतं. मला आमटीसुद्धा कधी वेळेत आटपता आली नाही.

तर, त्या दिवशी पद्माची तिथी होती.

श्राद्ध खरं तर मुलाने करायचं. सुमंत म्हणाला, धुक्यामुळे गाड्या रद्द आहेत. (होत्याही. गोपीनाथने रेल्वेत फोन करून खात्री केली. त्याचा आमच्या सुमंतवर कधीच विश्वास नव्हता.) म्हणून मीच पहाटे उठलो, ओलं सोवळं नेसलो आणि चुलीपुढे बसलो. ओल्या पंच्यात, गलनीत, या वयात. पद्मा असती तर म्हणाली असती, माझ्या श्राद्धाला स्वतःचं काढू नका. वरणभात, कढी, लाल भोपळा, कारलं, उडदाचे वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी. आमसुलं काशीत मिळत नाहीत. ती मालविकाने तिच्या पुण्याच्या मावशीकडून मागवून आदल्या दिवशी माझ्या फडताळात ठेवली होती. न बोलता.

दहाच्या सुमाराला देवदत्तगुरुजींचा फोन आला. “शिवराम, मी तापाने पडलोय. संकल्प फोनवरून सांगतो, स्पीकर लाव. जेवायला माणूस पाठवतोय. आपल्यातला कुणी रिकामा नाही आज, पांडे म्हणून एक इकडचा आहे. नवीन आहे, गल्ली शोधत येईल.”

मी वाट बघत बसलो. बारा वाजत आले. श्राद्धाचं पान मांडलेलं आणि जेवणारा नाही, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. पद्मा तिकडे तिष्ठत असेल असं वाटायला लागलं. (जिवंतपणी ती मला तिष्ठत ठेवायची. पण आता तो विषय नको.)

तेवढ्यात कडी वाजली.

“कौन?”

“पांडे.”

मी दार उघडलं. मफलरमध्ये डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलेला एक माणूस उभा होता. बगलेत रेक्झिनची बॅग. त्याच्या मागे धुक्यात आणखी दोन-तीन आकृत्या हलत होत्या, पण धुक्यात काय, खांबही हलतात.

“आइए, आइए. आपकी ही राह देख रहा था,” मी म्हणालो.

तो अर्धं पाऊल मागे सरला. “मेरी राह?”

“सुबह से. बहुत देर कर दी आपने.”

“कोहरा है, बाबा.” मग तो जपून म्हणाला, “आपको मालूम तो है ना, मैं किस काम से आया हूँ?”

“लो. सारी उमर यही काम देखा है.”

“कोई झगड़ा-वगड़ा नहीं करेंगे?”

“आज के दिन कौन झगड़ा करेगा?”

“घर में और कोई?”

“बहू स्कूल गई है. बेटा लखनऊ में. जो करना है, मैं ही करूँगा.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. देवळात नवीन मूर्ती बसवली की लोक बघतात तसा. मी म्हणालो, “जूते उतारिए, पाँव धोने हैं.”

“नल किधर है?”

“आप क्यों धोएँगे? मैं धोऊँगा.”

आमच्यात श्राद्धाच्या ब्राह्मणाचे पाय यजमान धुतो, ही रीत आहे. मी त्याला पाटावर उभं केलं आणि ताम्हनात त्याचे पाय घेऊन कोमट पाण्याने धुतले. बोटं थंडीने पांढरी पडली होती. मी ती चोळून पुसली. वर बघतो तर त्याच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, चुलीचा धूर.

“इतने बरस की नौकरी में,” तो म्हणाला, “लोगों ने छत से पानी फेंका है. एक जगह कुत्ता छोड़ा. पाँव किसी ने नहीं धोए, बाबा.”

श्राद्धाच्या ब्राह्मणांना हल्ली लोक असं वागवतात, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

मी त्यांना पाटावर बसवलं, पान वाढलं आणि गुरुजींना फोन लावून मोबाइल तांब्याला टेकवला. गुरुजींनी संकल्प सुरू केला. पद्माचं नाव येणार तोच लाइन तुटली. पुन्हा लावला. तर आतली ती बाई गोड आवाजात म्हणाली, “आप जिस व्यक्ति से संपर्क करना चाहते हैं, वह अभी उपलब्ध नहीं है.”

मी हात जोडले. एवढं स्पष्ट मला कुठल्या मंत्रानेही कधी सांगितलं नव्हतं.

पांडेजींनी आपोष्णी घेतली, भातावर तूप पडलं आणि मग त्यांचं लक्ष पानाजवळच्या दर्भाकडे गेलं. मग तिळांकडे. मग माझ्या उजव्या खांद्यावर आलेल्या जानव्याकडे.

“बाबा, ये श्राद्ध है?”

“और क्या है?”

ते विचारात पडले. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वड्याकडे. सकाळपासून पोटात काही नसावं. वडा जिंकला.

जेवणारा माणूस होता तो. पांडेजींनी कढीची वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले, तेव्हा मला वाटलं, पद्मा पावली. तोच बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं आणि ओरडलं, “अमीन साहब, कितना टाइम लगेगा? मजदूर बैठे हैं.”

माझ्या हातात खिरीचा डाव होता. तो तिथेच थांबला.

“आप अमीन हैं?”

“हाँ. आपने किसको समझा?”

“पांडे.”

“पांडे भी हूँ,” ते म्हणाले.

त्यांच्या तोंडात घास होता तो त्यांनी सावकाश गिळला. घराबाहेर काढायला आलेला माणूस माझ्या घरात, माझ्या बायकोच्या नावाने, माझ्या हातचा वडा खात होता आणि पाय मीच धुऊन दिले होते. पण श्राद्धाला बसलेल्याला अर्ध्या पानावरून उठवता येत नाही. मी जन्मभर तेच पाळलं आहे. म्हणून विचारलं, “खीर?”

“थोड़ी,” अमीनसाहेब म्हणाले.

जेवण झालं, विडा दिला. दार उघडून जायसवाल आत आला. माकडटोपी घातलेला, थंडीने आणि रागाने लाल. मागे दोन हमाल.

“चलिए, अमीन साहब. सामान उठवाइए, ऑर्डर पढ़िए, चाबी दीजिए.”

अमीनसाहेब माझ्या खाटेवर टेकले होते. “आज नहीं होगा, जायसवालजी.”

“क्यों नहीं होगा?”

“श्राद्ध खा लिया है.” आणि ते बोटांवर मोजायला लागले. त्यांचे वडील गाझीपूरकडे श्राद्धाला बसत असत, त्यामुळे त्यांना सगळं पाठ होतं. श्राद्ध जेवलेल्या माणसाने त्या दिवशी ओझं उचलायचं नाही, उचलवायचं नाही. वाचन करायचं नाही, म्हणजे ऑर्डर वाचता येत नाही. कुणाला काही द्यायचं नाही, म्हणजे किल्ली देता येत नाही. कुणाकडून घ्यायचं नाही, म्हणजे माझ्याकडून घर घेता येत नाही. प्रवास करायचा नाही, म्हणजे वरुणा नदीपलीकडे कचेरीत परत जाता येत नाही. होम करायचा नाही. (तो त्यांनी तसाही केला नसता.) आणखी एक गोष्ट बायकोच्या बाबतीतली होती, तिची इथे सोय नव्हती.

जायसवाल कपाळाला हात लावून म्हणाला, “आप सरकारी आदमी हैं कि पंडित?”

“सरकारी तो दस से पाँच हूँ, ब्राह्मण चौबीस घंटे,” अमीनसाहेब म्हणाले आणि माझी रजई अंगावर घेतली.

जायसवाल ओट्यावर जाऊन बसला. मी त्याला आणि हमालांना उरलेली खीर दिली. उरलेली टाकून कशी द्यायची? एवढ्यात देवदत्तगुरुजींचा फोन आला. त्यांनी पाठवलेला पांडे धुक्यात चौखंब्याच्या गल्लीत हरवला होता आणि तिथेच कचोरी खाऊन घरी गेला होता.

मला मात्र आत कुठेतरी बरं वाटत होतं. एक दिवस मिळाला. उद्या कदाचित स्टे येईल. मी खाटेजवळ बसून अमीनसाहेबांना ते सांगितलंसुद्धा.

ते रजईतून उठून बसले. “कौन-सा स्टे, बाबा?”

“बेटा लाने वाला है.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मघाशी पाय धुताना बघत होते तसं नाही. मग म्हणाले, “बेटे ने तो पिछले महीने ही कोर्ट में कह दिया. कोई आपत्ति नहीं, मेरा आधा मुझे दे दो. फाइल बैग में है. आज पढ़ना मना है, नहीं तो सुना देता.”

मी म्हणालो, कुठेतरी चूक असेल. ते म्हणाले, हो, असेल. भला माणूस.

मी सुमंतला फोन लावला.

“अण्णा, मी सांगणारच होतो,” तो म्हणाला.

“कधी?”

“इथे जरा सेट झालं की. फ्लॅट लहान आहे, हिचे आईवडील आलेत. तुम्ही एक-दोन महिने मालविकाला विचारा ना, वरच्या खोलीत...”

“वरचंही विकलंय रे.”

“हां. ते पण आहे.” तो थांबला. “आईचं श्राद्ध झालं?”

“झालं.”

“कोण बसलं होतं?”

“अमीन.”

लाइन तुटली म्हणावं, तर ती बाईही बोलेना. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. मग तो तांब्याला टेकवून ठेवला.

म्हणजे मी इतके महिने ज्या दारावर पहारा देत होतो, ते दार माझ्या मुलाने मागून केव्हाच उघडून दिलं होतं. दूधवाल्याला उगाच त्रास झाला.

मालविका शाळेतून आली ती हातात दह्याचं कुल्हड घेऊन. दारातच थबकली.

“अण्णा, ओट्यावर जायसवाल खीर का खातोय?”

“उरली होती.”

“आणि खाटेवर कोण झोपलंय?”

“पांडेजी. आईंच्या पानावर बसले होते.”

तिची नजर बॅगेवर गेली. तिने ती ओळखली. “हे अमीन आहेत, अण्णा. मी अर्ज केला म्हणून कोर्टाने पाठवलेत. घर रिकामं करायला.”

“हो, ते नंतर कळलं. तोवर खीर वाढत होतो.”

ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. बराच वेळ हसली. मग हसणं कधी थांबलं ते कळलं नाही, पण चेहरा ओढणीत होता. मी कुल्हड तिच्या हातातून काढून घेतलं, नाहीतर दही सांडलं असतं.

नाक पुसून तिने विचारलं, “तुमची बॅग कुठंय? सुमंत या आठवड्यात न्यायला येणार होता ना? वडील माझ्याकडे लखनौला येणार आहेत, असं त्याने कोर्टात सांगितलं. म्हणून तर मी तारीख मागितली.”

मुलाबद्दल काय बोलायचं? भात गार होत होता, त्याच्यावर झाकण ठेवलं.

“त्याने तुम्हाला काय सांगितलं होतं, अण्णा?”

“स्टे.”

ती उठली, आत जाऊन माझी गोळ्यांची डबी घेऊन आली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. “मी फ्लॅट पाहिलाय, किल्लीही मिळालीय. दोन खोल्या आहेत. लिफ्ट आहे. तुम्ही चला.”

“मी? कोण म्हणून?”

“कोण म्हणून म्हणजे?”

“आता नातं काय लागतं आपलं?”

“सोसायटीत विचारलं तर वडील सांगेन. हे बघा, घर अर्धं त्याचं, अर्धं माझं. ऑर्डरमध्ये सगळं लिहिलंय, पंखे आणि पाण्याची टाकीसुद्धा. तुम्ही कुणाच्याच वाट्याला नाही. मग मी घेते.”

“बिलकुल सही,” रजईतून आवाज आला. “बाबा ऑर्डर में नहीं हैं.”

“आप सोए नहीं?” मालविका म्हणाली.

“सोना मना नहीं है, बेटी. नींद नहीं आई.”

मी विचारलं, “कुठे आहे फ्लॅट?”

ती जरा चाचरली. “पल्याड. पडावच्या पुढे. अण्णा, अर्ध्या पैशांत अल्याड काय मिळणार?”

पल्याड म्हणजे गंगेच्या पलीकडे. काशी या काठाला संपते. या काठावर मेलेला सुटतो आणि पल्याड मेलेला पुढच्या जन्मी गाढव होतो, असं इथला चहावालासुद्धा सांगतो, आणि पुरावा मागितला तर पलीकडच्या वाळूत चरणारी गाढवं दाखवतो. माझा जन्मभराचा पत्ता, आणि तो नेमका चुकीच्या काठावर जात होता.

माझा चेहरा तिने पाहिला. “तुम्हाला बरं वाटेनासं झालं की इकडे आणेन. पूल आहे. ऑटो मिळते.”

“धुकं असलं तर?”

“मग धुकं उठेपर्यंत थांबायचं.”

“थांबणं माझ्या हातात असतं का?”

“इतकी वर्षं सगळं सावकाशच केलंत ना, अण्णा?” ती म्हणाली. “तेही करा.”

संध्याकाळभर मी श्राद्धाची भांडी घासत बसलो. पातेली घासताना माणसाला विचार करता येतो. कुठे मरायचं, याचा विचार मी रोज केला होता. कुठे राहायचं, याचा विचार करायची वेळ कधी आली नव्हती, कारण पद्मा होती, मग घर होतं, मग स्टे होता. अल्याड राहायचं तर दारोदार ‘अकेला हूँ’ म्हणत फिरायचं. पल्याड कुणीतरी रोज विचारणार होतं, गोळी घेतली का. मोठ्या कढईपर्यंत येईतो माझं ठरलं होतं. मी मालविकाला विचारलं, “लिफ्टमध्ये सोवळ्यात चालतं का?” ती वरून म्हणाली, “चालतं. बटण मी दाबीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अमीनसाहेब आमच्या नळावर आंघोळ करून, चष्मा लावून तयार झाले. त्यांनी घरापुढे उभं राहून सगळा हुकूम मोठ्याने वाचला. मला त्यातलं सुमंतचं आणि मालविकाचं नाव तेवढं कळलं. हमालांनी सामान काढलं. माझी लोखंडी ट्रंक मात्र अमीनसाहेबांनी स्वतः उचलून ठेल्यावर ठेवली.

“रहने दीजिए, पांडेजी,” मी म्हणालो.

“कल का खाया है, बाबा. आज उठा सकता हूँ.”

जायसवालला किल्ली मिळाली. त्याने लगेच पाटी उतरवली, पण फेकली नाही. मालविकाच्या हातात दिली. ती पाटी उलटी करून तिने ठेल्यावर ठेवली आणि तिच्यावर पद्माची खिरीची कढई, म्हणजे पाटी दिसू नये.

ठेला पुढे निघाला, मालविका त्याच्यामागे. धुकं तसंच होतं. दहा पावलांत दोन्ही नाहीशी झाली, फक्त कढईचा खडखडाट ऐकू येत राहिला. मी समोरच्या ओट्याशी थांबलो. गोपीनाथ तिथे पहाटेपासून कानटोपी घालून बसला होता आणि सगळं बघत होता. इतक्या वर्षांचा शेजार, निरोप घ्यायलाच हवा होता.

“येतो मी,” मी म्हणालो. “पण गोपीनाथ, मनात एक धास्ती आहे बघ. पल्याडच एखाद्या दिवशी काही झालं, आणि इकडे आणायला वेळ नाही मिळाला तर? लोक म्हणतात ते खरं असलं तर? गाढवाचा जन्म रे.”

गोपीनाथने कानटोपी वर सरकवली, चष्मा पुसला आणि माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं.

“शिवराम,” तो म्हणाला, “तू उगाच घाबरतोस. तुला त्यासाठी नदी ओलांडावी लागेल, असं मला तरी कधी वाटलं नव्हतं.”